शेन सरांची दृश्यमानता

सिंगापूरला जाऊन आलेल्या माणसाला लोक ठरावीक प्रश्न विचारतात. तो अर्धा सिंह आणि अर्धा मासा बघितला का, रस्त्यावर खरंच कागदाचा कपटा नसतो का, आणि च्युइंगगम खाल्लं तर पकडतात का. पहिल्याचं उत्तर, बघितला, लांबून. दुसऱ्याचं, असतो, पण अंग चोरून असतो. तिसऱ्याचं मला ठाऊक नाही, माझ्या कवळीला च्युइंगगम झेपत नाही. याच्यापलीकडे माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे ते एका शहाऐंशी वर्षांच्या चिनी हवामानशास्त्रज्ञाबद्दल. गोष्ट शेवटी नीट पार पडली, म्हणून मी आज ती मजेत लिहायला बसले आहे. मधले काही दिवस मात्र माझ्या जिवाला चैन नव्हतं.

पुंगोल

साल दोन हजार पंधरा. दिवाळीला आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो. ऋजुता आणि जावई निखिल दोघंही आयटीतले. पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आले, आता पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी, झाले आणि पुंगोलला नवाकोरा फ्लॅट घेऊन बसले. नात इरा पाच वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं आणि शेपटाला ‘ला’ लागतो. मी चकली पुढे केली तर म्हणाली, “कॅनॉट, आजी. टू हार्ड, ला.” माझ्या चकलीला इतकं स्पष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं.

आम्ही जाणार की नाही, हे महिनाभर अधांतरी होतं. शेजारच्या इंडोनेशियात रानं पेटली होती आणि तिथला धूर समुद्र ओलांडून सिंगापुरात उतरला होता. तिथले लोक त्याला ‘हेझ’ म्हणतात. ऋजुता रोज फोनवर सांगायची, खिडक्या बंद आहेत, मास्क लावूनच बाहेर पडतो, इराची शाळासुद्धा मध्ये बंद ठेवली. मग पाऊस पडला, वारे फिरले, आणि आम्ही उतरलो तेव्हा आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखं होतं. निखिल गाडीत पुन्हा पुन्हा म्हणत होता, “आई, नशीबवान आहात. तीन आठवड्यांपूर्वी इथे समोरची बिल्डिंग दिसत नव्हती.”

पुंगोलमध्ये बिनड्रायव्हरची एक छोटी गाडी घरांच्या मधून गोल फिरते. पहिल्याच दिवशी आम्ही दोघं ऐटीत तिच्यात बसलो. जोगळेकर मला खिडकीतून ढग दाखवत राहिले, आणि थोड्या वेळानं गाडीनं आम्हाला जिथून घेतलं होतं तिथेच आणून सोडलं. उतरायचं स्टेशन ढगांच्या नादात मागे गेलं होतं.

जोगळेकर म्हणजे माझे यजमान. मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायचे, हजेरी घेऊन घेऊन आडनावाची सवय लागली, ती घरीही सुटली नाही. ते पुण्याच्या वेधशाळेत होते. वेधशाळेतल्या माणसाच्या बायकोला काय काय ऐकावं लागतं ते तिचं तिलाच माहीत. आमच्या सोसायटीत कुणाचं कार्य असलं की मंडळी विचारायला यायची, “काय वहिनी, साहेब काय म्हणतात? पाऊस नाही? बरं झालं सांगितलंत, ताडपत्री घालून घेतो.” जोगळेकर यावर कधी रागावले नाहीत. ते म्हणायचे, “शेन सरांना गावानं दगड मारले होते, मला नुसती ताडपत्री.”

हे शेन सर आमच्या घरात कधी आले नाहीत, पण लग्नानंतर थोड्याच वर्षांत राहायला मात्र आले. जोगळेकरांना तरुणपणी बँकॉकला काही महिने प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. तिथे पावसाचा अंदाज शिकवायला चीनमधून एक प्राध्यापक आले होते, तेच हे. तेव्हापासून ‘शेन सर म्हणायचे’ हे वाक्य मी इतकं ऐकलं आहे, की ते माणूस नसून एखादा ग्रंथ असावा असं वाटावं. आता ते सिंगापुरातच, बुकित बातोकला मुलीजवळ राहतात. खरं सांगायचं तर जोगळेकर दिवाळीला लेकीकडे निघाले नव्हतेच, ते शेन सरांकडे निघाले होते.

बुकित बातोक

बुकित म्हणजे मलय भाषेत टेकडी. बातोक म्हणजे खोकला, असं निखिल म्हणाला. त्याचा चिनी मित्र म्हणाला, छे, नारळ. त्या वर्षीचा धूर आठवून मी खोकल्याच्या बाजूनं मत दिलं.

पुंगोलच्या मानानं ही वस्ती जुनी. उंच इमारती, प्रत्येक मजल्यावर लांबलचक गॅलरी, दारादारासमोर चपला, कुंड्या, सायकली, आणि बाहेर बांबूवर ताणलेले कपडे. मला एकदम बरं वाटलं. पुंगोलला शेजाऱ्यांची दारं कायम बंद असतात. इथे एक बाई गॅलरीत बसून मिरच्यांची देठं काढत होत्या आणि आम्ही कुठे चाललो ते त्यांना अगोदरच माहीत होतं. त्यांनी बोटानं शेवटचं दार दाखवलं.

शेन सर दारातच उभे होते. बारीक अंगकाठी, पांढरा शुभ्र शर्ट, छातीपर्यंत चढवलेली पँट. शेजारी त्यांची मुलगी मेइलिंग, पन्नाशी उलटलेली. “जो!” सर म्हणाले. जोगळेकर हे नाव बँकॉकमध्ये कुणालाच पेललं नव्हतं, त्यामुळे तिथे सगळ्यांनी त्यांना ‘जो’ करून टाकलं होतं. जोगळेकर पाया पडायला वाकले. सरांना वाटलं, याचं काहीतरी खाली पडलं. तेही मदत करायला खाली वाकले, आणि दोन हवामानशास्त्रज्ञांची डोकी सणसणीत आपटली. मेइलिंग हसत सुटली, मीही हसले. त्या हसण्यात माझ्या लक्षात आलं नाही, की समोरचा माणूस पाया पडतोय हे सरांना दिसलंच नव्हतं.

चहा आला, शेंगदाणे आले, संत्री आली. मी फराळाचा डबा उघडला. सरांनी चकली उचलली, नाकाजवळ नेली, बोटानं तिचे वेढे चाचपले आणि म्हणाले, “जो, हे तर चक्रीवादळ आहे!” मग त्यांनी ती आतून बाहेर नीट बोट फिरवून तपासली आणि गंभीरपणे निकाल दिला, “पण दक्षिण गोलार्धातलं. उत्तरेत ती उलटी फिरतात. मिसेस जो, तुमचा हात विषुववृत्ताच्या खाली आहे.” चाळीस वर्षं चकल्या पाडतेय, हा दोष कुणी काढला नव्हता. जोगळेकर असे खूश झाले, जणू बक्षीस त्यांना मिळालं.

त्या दुपारी सरांनी आपली सगळी हकिकत सांगितली. त्यांचे वडील नदीकाठच्या एका गावात कागदाच्या छत्र्या विकायचे. “सगळं गाव ऊन पडावं म्हणायचं आणि आम्ही भावंडं पाऊस पडावा म्हणायचो. मला कळेना, आकाश ऐकतं कुणाचं? ते बघायला मी हवामान शिकलो.” शिकून झाल्यावर त्यांना एका डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत नेमलं. हिवाळ्यात दार उघडायला आधी बर्फ खणायला लागायचा. तिथल्या बिनतारी यंत्रावर एक मुलगी होती. सर बाहेर जाऊन वारा, ढग, दृश्यमानता बघून यायचे आणि ती ते आकडे खाली पाठवायची. “माझे आकडे तिला पाठ झाले, मग तिनं मलाच ठेवून घेतलं,” सर म्हणाले. ती मेइलिंगची आई. आता त्या नाहीत.

दृश्यमानता म्हणजे किती लांबचं दिसतं ते. याला यंत्र लागत नाही, निदान तेव्हा लागायचं नाही. ठरलेल्या जागी उभं राहायचं आणि ठरलेल्या खुणा बघायच्या. देऊळ दिसलं तर एक किलोमीटर, पूल दिसला तर तीन, पलीकडचा सुळका दिसला तर दहा. एक दिवस डोंगरावर दाट धुकं होतं आणि खाली कुणी मोठे पाहुणे येणार होते. वरिष्ठ म्हणाले, पाच किलोमीटर लिही. सरांना समोरचा खांबसुद्धा दिसत नव्हता. त्यांनी खांब दिसत नाही असंच लिहिलं, आणि तिकडे त्यांच्या बायकोनं तसंच पाठवलं. ते दिवस वाईट होते. सरांना डोंगरावरून उतरवून एका खेड्यात डुकरं राखायला धाडलं. तिथल्या लोकांना त्यांनी एकदा सांगितलं, कापणी थांबवू नका, पाऊस येणार नाही. आला. दगड मिळाले ते तेव्हा.

“आणि डुकरं?” मी विचारलं.

“डुकरं फार चांगली. त्यांना पाऊस आधी कळायचा. मी पुढे त्यांनाच विचारायला लागलो.”

वर्षं गेली, दिवस पालटले, आणि त्याच माणसाला विद्यापीठात शिकवायला बोलावलं. त्यांचे विद्यार्थी आता चीनभर पसरले आहेत. चिनी नवीन वर्षाला त्यांचे फोन येतात तेव्हा सर तब्येत विचारत नाहीत, विचारतात, “तुझ्याकडे आज ढग कुठला?” बुकित बातोकला आल्यावरही गप्प बसवेना, म्हणून दर शनिवारी सकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना गोळा करून ते ढगांचा वर्ग घेत.

“घेत?” जोगळेकरांनी विचारलं.

“हेझ आल्यापासून बंद ठेवलाय,” सर म्हणाले. “आकाशच दिसत नाही तर शिकवू काय?”

मी गॅलरीतून बाहेर बघितलं. समोर झाडांनी भरलेली टेकडी होती, तिच्यावरचे टीव्हीचे मनोरे, त्यांच्या मागे दुसरी टेकडी, आणि फार लांब, पार क्षितिजाजवळ, कारखान्यांच्या चिमण्या बारीक काड्यांसारख्या उभ्या. डोक्यावर शेवरीचा कापूस पिंजावा तसे ढग.

“आज दीड किलोमीटर,” सर म्हणाले. “मनोरे तेवढे अंधुक दिसतात, मागचं काही नाही. या वर्षीचा हेझ फार चिवट आहे. हो ना, जो?”

जोगळेकरांनी बाहेर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “हो सर.”

मेइलिंग कप उचलून आत निघून गेली.

सेम्बावांग

दोन दिवसांनी मेइलिंग आम्हा सगळ्यांना गाडीनं सेम्बावांगला घेऊन गेली. बेटाच्या उत्तर टोकाला, जुन्या गोदीच्या बाजूला, गरम पाण्याचा झरा आहे. झरा म्हटल्यावर मी कोकणातल्या गरम झऱ्यांसारखं कुंड, देऊळ, निदान एक नारळवाला अपेक्षिला होता. इथे कुंपण, सिमेंटचा ओटा आणि नळ. माणसं घरून प्लास्टिकच्या बादल्या आणतात, नळाखाली भरतात आणि पाय बुडवून पेपर वाचतात. एका कुटुंबानं बादलीत अंडी उकडायला ठेवली होती. देवाचं नाव कुठे नाही, पण चेहऱ्यांवरची शांतता तीच. मला ते फार आवडलं.

आमची बादली भरून ठेवली आणि मेइलिंग गार पाणी आणायला वळली. बादलीतून वाफा निघत होत्या, कुणी आंधळाही लांब राहिला असता असं आपण सहज म्हणतो. शेन सरांनी मोजे काढले, पँट वर केली आणि पाय उचलला. मी ओरडले आणि त्यांचा दंड धरून मागे ओढलं. आम्ही दोघांनीही ओट्यावर बसकण मारली. शेजारचे लोक धावले. सर मला शांतपणे म्हणाले, “मिसेस जो, झरा गरम असतो हे मला माहीत आहे. मी थांबणारच होतो.” थांबणार नव्हते. मी त्यांच्या डोळ्यांकडे तेव्हा पहिल्यांदा अगदी जवळून बघितलं. बुबुळामागे दुधाचा थेंब पडल्यासारखं पांढरं दिसत होतं.

हे मी ओळखणार नाही तर कोण? आदल्याच वर्षी माझे दोन्ही मोतीबिंदू काढले. त्याच्याआधी सहा महिने मी जोगळेकरांच्या मागे लागले होते, की भिंती पिवळ्या पडल्यात, रंग काढा. रंगारी येऊन बघून गेला, बिचारा म्हणाला, बाई, भिंती पांढऱ्याच आहेत. मी त्यालाच वेड्यात काढलं. ऑपरेशन झालं, घरी आले, बघते तर भिंती पांढऱ्या. मी भिंतीला दोष दिला. सरांनी आकाशाला दिला, कारण आयुष्यभर त्यांनी तेच तर तपासलं होतं.

जेवायला आम्ही जवळच्या हॉकर सेंटरला गेलो. मी शाकाहारी म्हणून मेइलिंगनं मुद्दाम चिनी शाकाहारी गाडा शोधला, आणि माझ्या ताटात तांबडं कातडं असलेलं चक्क बदक आलं. मी खुर्ची मागे सरकवली. ते सोयाबीनचं होतं म्हणे. आपल्याकडे मांस न खाणारा माणूस भेंडीला माशाचा आकार देऊन खात नाही, असं मी म्हटलं, तर मेइलिंग म्हणाली, “आंटी, बदकाची आठवण येते, पण बदकाचं पाप नको. काय करणार, ला?” मला पटलं. खाल्लं. चांगलं होतं.

हात धुवायला गेलो तेव्हा मी तिला थेट विचारलं. ती तिथेच, नळाशी, रडकुंडीला आली. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. मोतीबिंदू कडक होत चाललाय, अजून थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल, आणि या वयात एकदा पडले तर परत उठणार नाहीत. “पण पा ऐकतच नाहीत. म्हणतात, डोळ्याला काही नाही, हवा खराब आहे. मी म्हणते हवा स्वच्छ झाली, तर म्हणतात, लोक सांगतात म्हणून हवा स्वच्छ होत नाही, मी मनोरे बघतो ना.” तिनं नाक पुसलं. “आंटी, ज्या माणसानं डुकरं राखली पण आकडा बदलला नाही, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, तुमचा आकडा चुकलाय?”

त्यांना ते एकच माणूस सांगू शकत होतं, आणि ते बाहेर बसून सरांना संत्र सोलून देत होतं.

पुन्हा पुंगोल

संध्याकाळी पुंगोलच्या कालव्याकाठी फिरायला गेलो तेव्हा मी विषय काढला. तरुण आईबाप बाबागाड्या ढकलत होते, मुलं स्कूटरवरून सुसाट जात होती, वारा छान होता. जोगळेकरांनी सगळं ऐकून घेतलं.

“मला पहिल्या दिवशीच कळलं होतं,” ते म्हणाले.

“मग ‘हो सर’ कशाला म्हणालात?”

“सर आहेत ते.”

“अहो, ते जळले असते आज!”

थोडं चालल्यावर म्हणाले, बँकॉकमध्ये सरांची एक पद्धत होती. दृश्यमानता दोघांनी बघायची, एकमेकांशी न बोलता, आणि आकडा तिसऱ्याच्या कानात सांगायचा. तसं करून बघू. मी म्हटलं, उत्तम. तर हे म्हणतात, “मी चार सांगीन. सरांचे दीड, माझे चार. फार अंतर नको. त्यांना जरा शंका आली की पुरे.”

माझं डोकं फिरलं. “चार कुठून आले? काय दिसतं तुम्हाला चारवर?”

“चारवर काही नाही. पण दहा म्हटलं तर त्यांचा एवढा मोठा…”

“जोगळेकर,” मी म्हटलं, “त्या माणसानं पाच लिहिलं असतं तर तो डोंगरावरून उतरला नसता. आणि तुम्ही त्याला मायेनं चार वाढताय?”

घरी इरानं विचारलं, “आजी, आजोबा सॅड, ला?” मी म्हटलं, आजोबा गणित सोडवतायत. रात्री जेवतानाही त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. मला त्यांची दया येत होती आणि धाकधूकही वाटत होती, कारण हा माणूस भिडस्त आहे. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून त्यांनी आजवर घट्ट बूट घातलेत.

बुकित बातोक, शनिवारी

शनिवार निवडला तो मी. आकाश निरभ्र म्हणावं असं होतं. गॅलरीत सर, जोगळेकर, मेइलिंग आणि मी. सरांना कल्पना इतकी आवडली, की ते डोंगरावर असल्यासारखे ताठ उभे राहिले. “नियम आठवतात ना, जो? आधी डोळ्यांना उजेडाची सवय होऊ दे. मग सगळ्या दिशा. घाई नको. शेजाऱ्याचा चेहरा बघायचा नाही.” कानात आकडा सांगायला तिसरी मी.

सरांनी कठड्याला हात लावून हळूहळू डावीकडून उजवीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी एकाग्रता होती, की मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं. ते माझ्या कानाशी वाकले. “दीड. कदाचित थोडं कमीच.”

मग जोगळेकर. त्यांनीही डावीकडून उजवीकडे बघितलं, तितकाच वेळ घेऊन. चिमण्या स्पष्ट दिसत होत्या, त्यांच्या टोकांवरचे पट्टेसुद्धा. ते माझ्याकडे आले आणि कानाशी वाकले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी हलले नाही. मेइलिंग कुंडीतलं एक पान तोडून त्याचे तुकडे करत होती.

“दहा,” ते म्हणाले. “जास्तच असेल. मला दहाच्या पुढची खूण माहीत नाही.”

मी दोन्ही आकडे मोठ्यानं वाचावेत तसे सांगितले. “शेन सर, दीड. जोगळेकर, दहा.”

जोगळेकर मान खाली घालून उभे होते, जणू छडी घ्यायला. सर कठड्याकडे वळले, परत बाहेर बघितलं, डोळे मिटले, उघडले. मग त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, “जो, दोन निरीक्षकांत फरक पडला, तर आपण काय करतो?”

जोगळेकर पुटपुटले, “मोठा कोण हे विचारत नाही, सर.”

“मग?”

“उपकरण तपासतो.”

“दृश्यमानतेचं उपकरण कुठलं?”

सरांनी स्वतःच बोट उचललं आणि आपल्या चष्म्याच्या काचेवर हळूच टकटक केलं. “शहाऐंशी वर्षं,” ते म्हणाले, “आणि एकदाही दुरुस्ती नाही. कुठलीही वेधशाळा असं उपकरण ठेवणार नाही.” मग मेइलिंगकडे बघून, म्हणजे ती होती त्या दिशेला बघून, म्हणाले, “फोन कर त्या डॉक्टरला.”

मेइलिंग धावत आत गेली. जोगळेकर कठड्याला टेकले. मी चाळीस वर्षांत या माणसाचा इतका अभिमान क्वचित बाळगला असेल, आणि तो तिथल्या तिथे बोलूनही दाखवला, मराठीत, म्हणजे सरांना कळू नये. सर म्हणाले, “मला कळलं.”

त्यानंतर

ऑपरेशन आमच्या मुक्कामातच झालं, आधी एका डोळ्याचं. दवाखान्यात मी आणि मेइलिंग शेजारी शेजारी बसलो होतो. तिथे इतकी थंडी होती, की मी साडीवर ऋजुताचं जॅकेट आणि त्यावर शाल गुंडाळली होती. जोगळेकर उभेच. दर वेळी दार उघडलं की ते एक पाऊल पुढे टाकत. मोतीबिंदू कडक होता, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, वेळ लागेल. लागला. मेइलिंगनं माझा हात धरला, मी धरू दिला, आणि दोघी मिळून समोरच्या टीव्हीवरचा, मला एक अक्षर न कळणारा, चिनी स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत बसलो. अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मास्क खाली ओढून हसल्या. माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. इतके दिवस मी ते वाहत होते हेसुद्धा मला तेव्हाच समजलं. जोगळेकर खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

डोळ्यावरची पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही बुकित बातोकला गेलो. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. त्यांना निदान गोलार्ध नसतो. गॅलरीतली मिरच्यांवाली बाई आम्हाला बघून उठलीच आणि हातवारे करून सांगायला लागली, की म्हातारबाबा पहाटेपासून बाहेर उभे आहेत, चहालासुद्धा आत जात नाहीत.

सर कठड्याशी होते. आता तिथे ते चिमण्या मोजत असतील, नाहीतर ढग, असं मला वाटलं. आमची चाहूल लागली तसे ते वळले आणि जोगळेकरांकडे बघतच राहिले. पायापासून डोक्यापर्यंत, मग पुन्हा डोक्याकडे.

“जो,” ते म्हणाले, “तुझे केस कुठे गेले?”

“गेले, सर. वीसेक वर्षं झाली.”

“मला कुणी कळवलं नाही!”

जोगळेकर असे हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसायला लागले. सरही हसत होते. आवाज ऐकून मेइलिंग आतून आली. हाताला पीठ होतं, केस मागे बांधलेले. सर तिच्याकडे वळले आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी हात पुढे केला, तिच्या कपाळावरच्या बटा बोटांनी मागे सारल्या. त्या सगळ्या पांढऱ्या होत्या, अगदी मुळापासून. बापाची काळजी करता करता कधी झाल्या ते तिलाही सांगता आलं नसतं. ते तिच्याशी चिनीत बोलले, मग आम्हालाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, “हे केव्हा झालं? मी रोज बघत होतो. मला दिसलं कसं नाही?”

“हेझ होता ना, पा,” मेइलिंग म्हणाली.